बॉटनं डॉक्टर-वकिलाची पाटी लावली अन् फटका तुम्हाला बसला, तर धरायचं कोणाला?

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. नागपुरात सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या रस्त्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, पाटीवर तेवढंच लिहिलंय आणि त्याच्या पुढं मी जात नाही. पण ग्राहक आयोगाच्या तक्रारी टाइप करता करता, ऑनलाइन अपलोड करता करता बऱ्याच गोष्टी कळत जातात, त्या इथं लिहून ठेवतो. केस मोठी असेल तर वकील कराच.

मागच्या पावसाळ्यात मानेवाड्याच्या एक मावशी आल्या, हातात मेडिकलचे कागद, सोबत मुलगा. मी विचारलं मावशी तक्रार कोणावर करायची आहे, तर म्हणे "त्या डॉक्टरवर रे बाबू." दवाखाना कुठं आहे त्यांचा? "दवाखाना नाही ना, तो मोबाइलमधेच बसते." म्हणजे झालं असं की महिन्याला 199 रुपयाचं एक अॅप, त्यात पांढरा कोट घातलेला फोटो, नावाच्या आधी डॉ., खाली एमडी आणि 15 वर्षांचा अनुभव, आणि बोलतो अगदी गोड मराठी. मावशींनी सांगितलं की बीपीच्या गोळीनं पाय सुजून राहिले, तर त्यानं सांगितलं आठ दिवस गोळी बंद करून पहा. पाचव्या दिवशी बाथरूममधे चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत रात्र काढली. नंतर मुलानं अॅप नीट पाहिलं तेव्हा कळलं की तिकडं माणूसच नाही, माणसासारखा बोलणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, म्हणजे बॉट आहे. मुलगा मला म्हणे, दादा बॉटवर काय केस होते का?

बॉटवर होत नाही. पण पाटी लावणाऱ्यावर होते.

हे डोक्यात पक्कं बसवून घ्या म्हणजे बाकी सगळं सोपं जातं. बॉट कायद्यानं कोणीच नाही, त्याला ना समन्स जातो ना दंड होतो, त्यामुळं कंपन्या पण हळूच "ते एआयनं सांगितलं, आम्ही नाही" म्हणून अंग काढून घेतात. कॅनडात एका एअरलाइननं खरंच असं केलं होतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं ज्याच्या घरात मयत झाली होती अशा प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला, आणि कंपनी ट्रिब्युनलपुढं म्हणाली की चॅटबॉट हा वेगळा आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रिब्युनलनं फेब्रुवारी 2024 मधे हे उडवून लावलं, वेबसाइटवर जे काही आहे ते कंपनीचंच, पानावर लिहिलेलं असो की बॉटनं बोललेलं, आणि साधारण 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम छोटी आहे आणि तिकडचा निकाल इकडं बंधनकारक नाही, पण आपल्या नोटिशीत उदाहरण म्हणून टाकायला मस्त आहे.

तर पहिलं काम, पाटी कोणी लावली ते शोधायचं. इथं लोक गडबड करतात. तुम्हीच एखाद्या साध्या चॅटबॉटला "तू हार्टचा मोठा डॉक्टर आहेस असं समज" म्हणून लिहिलं आणि मग त्यानं डॉक्टरसारखी उत्तरं दिली, तर पाटी तुम्हीच लावली ना भाऊ, तिथं केस फार लंगडी होते. पण अॅपवाल्यानं आधीपासून डॉ. लिहून, फोटो लावून, डिग्री लिहून बॉट बसवला असेल, किंवा तुम्ही "तुम्ही खरे डॉक्टर आहात का" असं सरळ विचारल्यावर तो "हो" म्हणाला असेल, तर गोष्ट वेगळी. अशा पाटीमागं बहुतेक दोन-तीन जण असतात. अॅप काढणारी कंपनी, कधी एखादं हॉस्पिटल किंवा क्लिनिक ज्यानं आपल्या वेबसाइटवर तो बॉट बसवला, आणि सगळ्यात मागं ज्याचं एआय मॉडेल भाड्यानं घेतलंय तो. माझा अनुभव असा की तुमचे पैसे ज्यानं घेतले आणि नाव ज्याचं दिसत होतं त्यालाच पहिला नंबर द्या, मागच्याला नंतर वकील पाहून घेईल. कंपनीचं खरं नाव अॅप स्टोअरवर डेव्हलपरच्या जागी किंवा पैसे कापले त्या पावतीवर असते, आणि तिचा रजिस्टर्ड पत्ता कंपनी खात्याच्या एमसीए पोर्टलवर फुकट दिसतो. कधी खऱ्याच डॉक्टरचं नाव-फोटो वापरलेला असतो. त्या डॉक्टरनं भाड्यानं नाव दिलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार जाते, आणि त्याला माहीतच नसेल तर तो बिचारा तुमच्याच बाजूचा साक्षीदार आहे.

आता पुरावा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण दहातले आठ जण इथंच माती खातात. राग आला की लोक पहिलं काम काय करतात तर अॅप डिलीट. नका करू! चॅट गेली की केस गेली. आणि ही अॅप दर पंधरा दिवसांनी अपडेट होतात, काल "डॉ." होतं ते आज "हेल्थ सोबती" होऊन बसते, मावशींच्या बाबतीत अगदी हेच झालं, नोटीस गेल्यावर प्रोफाइलवरची डिग्री गायब. नशीब मुलानं आधीच रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. म्हणून नुसते स्क्रीनशॉट नका काढू, स्क्रीन रेकॉर्डिंग करा, फोनवर तारीख-वेळ दिसते तिथून सुरू करून अॅप उघडा, प्रोफाइल दाखवा, डिग्री दाखवा, मग चॅट सुरुवातीपासून हळूहळू वर-खाली करा, तुम्ही काय विचारलं ते पण येऊ द्या, नुसतं त्याचं उत्तर नको. चॅट एक्सपोर्ट होत असेल तर ती पण काढा. ज्या जाहिरातीवरून तुम्ही तिकडं गेलात ती सापडली तर सोन्याहून पिवळं. नियम-अटींचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. यूपीआयची पावती, सबस्क्रिप्शनचा मेल. आणि फोन बदलू नका, निदान केस होईपर्यंत तरी, कारण भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 मधे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागते, त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, पण लिहावी लागते. ग्राहक आयोग कोर्टाइतकं ताणून धरत नाही, पण जोडलेलं बरं.

दुसऱ्या बाजूचा पुरावा म्हणजे नुकसानीचा. बॉट चुकीचं बोलला एवढ्यानं पैसे मिळत नाहीत, त्याच्या बोलण्यामुळं तुमचं काय गेलं ते जोडून दाखवावं लागते. मेडिकलला, मेयोला किंवा धंतोलीच्या कुठल्या हॉस्पिटलला गेलात तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की गोळी कोणाच्या सल्ल्यानं किती दिवस बंद होती, आणि ते केसपेपरवर लिहायला विनंती करा. मावशींच्या केसपेपरवर ही एक ओळ होती, "रुग्णानं पाच दिवस बीपीचं औषध घेतलं नाही", ती ओळ मला सगळ्यात भारी वाटली. ती नसती तर कंपनी आरामात म्हणाली असती की बाथरूम ओलं होतं.

मग पहायचं की लायसन्स खरंच आहे का. डॉक्टर असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमधे नाव-नंबर शोधता येते. बॉटला नंबर विचारा आणि तो काय देतो ते पण रेकॉर्ड करा. अमेरिकेत 2025 मधे बातमी आली होती की इन्स्टाग्रामवरचे काही बॉट स्वतःला थेरपिस्ट म्हणवत होते आणि विचारलं तर लायसन्स नंबर पण मनानंच रचून देत होते, त्यामुळं नंबर आला म्हणजे खरा असं नाही. सीए असेल तर त्याच्या सहीच्या कागदावर 18 आकडी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, पाहिजे, तो सीएंच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या, पोर्टलवर तपासता येते. शेअर मार्केटचा सल्ला देणारा असेल तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा नोंदणी नंबर, सल्लागाराचा आयएनए पासून सुरू होते आणि रिसर्च अॅनालिस्टचा आयएनएच पासून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडं असते.

डॉक्टरच्या बाबतीत आपल्याकडं एक जबरदस्त कागद आहे आणि कोणालाच माहीत नाही. 25 मार्च 2020 ला, म्हणजे लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात साफ लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मला पेशंटला सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची परवानगी नाही, ते नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच करायचं, एआय फार तर डॉक्टरला मदत करू शकते. आणि नियम मोडणारा प्लॅटफॉर्म ब्लॅकलिस्ट करता येतो. तक्रारीत ही ओळ टाकली की समोरच्याच्या वकिलाला निदान दोनदा वाचावं लागते. याच्या सोबत नॅशनल मेडिकल कमिशन कायदा 2019 चं कलम 34, नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता हे कलम "व्यक्ती" म्हणते, त्यात बॉट चालवणारी कंपनी कशी बसवायची हा वकिलांच्या भांडणाचा भाग आहे, मी तिथं हात घालत नाही.

वकिलाचा मुखवटा घातलेल्या बॉटची गंमत वेगळीच आहे. अॅडव्होकेट्स अॅक्ट 1961 नं वकिली फक्त सनद असलेल्यानंच करायची. सुप्रीम कोर्टानं 2018 मधे बालाजी केसमधे सांगितलं की वकिली म्हणजे नुसतं कोर्टात उभं राहणं नाही, सल्ला देणं, ड्राफ्टिंग हे पण त्यात आलं. आणि मे 2024 मधे त्याच कोर्टानं डी. के. गांधी केसमधे सांगितलं की वकिलांवर ग्राहक आयोगात "सेवेत त्रुटी" ची तक्रार चालत नाही. म्हणजे खऱ्या वकिलानं घोळ घातला तर ग्राहक आयोगाचं दार बंद. पण बॉट तर वकील नाही! म्हणजे माझ्या डोक्यानं त्याच्या कंपनीला ही ढाल मिळायला नको, खोटा वकील विकला म्हणून ती आयोगात यायलाच पाहिजे. यावर आपल्याकडं निकाल आलेला माझ्या पाहण्यात नाही, हे आपलं दुकानदाराचं मत. अमेरिकेत मात्र "जगातला पहिला रोबोट वकील" म्हणून जाहिरात करणाऱ्या डू-नॉट-पे कंपनीला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं धरलं, आणि 1,93,000 डॉलर भरायला लागले.

पैशाच्या सल्ल्यात सेबीनं सगळ्यात सरळ काम केलंय. 2024 च्या शेवटी नियमच बदलला, नोंदणी असलेला सल्लागार एआय वापरत असेल तर त्याची पूर्ण जबाबदारी सल्लागाराचीच, आणि एआय किती वापरतो ते क्लायंटला सांगायचं. तक्रार सेबीच्याच स्कोअर्स पोर्टलवर. पण टेलिग्रामवरचा बिननोंदणीचा "एआय एक्सपर्ट" असेल तर स्कोअर्स काही कामाचं नाही, तिथं सरळ पोलिस.

आता येतो खरा खडक. फुकट होतं की पैसे दिले होते?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधे फुकट दिलेली सेवा ही "सेवा" मधे धरतच नाहीत. म्हणजे मावशींनी 199 रुपये दिले म्हणून त्या ग्राहक, आणि शेजारच्या काकूंनी तोच बॉट सात दिवसांच्या फ्री ट्रायलवर वापरला तर त्यांची भरपाईची वाट अवघड. अन्याय वाटते ना, पण आहे असं आहे. फुकटवाल्यांसाठी एक दुसरा रस्ता आहे. खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात, नसलेली मान्यता असल्यासारखं दाखवणं, आणि त्यानं एकूणच ग्राहकांचं नुकसान होत असेल, तर कलम 17 नुसार तक्रार लेखी किंवा ऑनलाइन केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडं, किंवा आपल्या जिल्हाधिकाऱ्याकडं देता येते. हो, आपलं सिव्हिल लाइन्सचं कलेक्टर ऑफिस. प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि परत केली तर 50 लाखांपर्यंत दंड लावू शकते. त्यातून तुमच्या खिशात काही येत नाही, पण पाटी तरी उतरते. सदोष वस्तूच्या जबाबदारीचं पण एक प्रकरण त्या कायद्यात आहे, पण तिथं वस्तूची व्याख्या वायू, द्रव की घन अशी केलेली आहे, बॉटला त्यात कुठं कोंबायचं ते मला तरी समजलं नाही.

मग कंपनी डिस्क्लेमर काढते. "आम्ही लिहिलं होतं ना की हा वैद्यकीय सल्ला नाही." कुठं लिहिलं होतं तर अॅपच्या सगळ्यात खाली, करड्या अक्षरात, इंग्लिशमधे. याला उत्तर 2022 च्या जाहिरात मार्गदर्शक सूचनांमधे आहे. डिस्क्लेमरनं मुख्य दाव्याच्या उलट बोलायचं नाही, महत्त्वाची माहिती लपवायची नाही, खोटा दावा दुरुस्त करायला तो वापरायचा नाही, आणि ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत, त्याच फॉन्टमधे तो पाहिजे. म्हणजे मराठीत "मी डॉक्टर आहे" म्हणायचं आणि इंग्लिशमधे "मी डॉक्टर नाही" म्हणायचं हे चालत नाही. मावशींच्या नोटिशीत हा परिच्छेद मी बोल्ड करून टाकला. न्यूयॉर्कच्या सिनेटमधे 2025 ला आलेलं एक बिल तर याच्या पुढचं आहे, त्यात म्हटलंय की "हा बॉट आहे" एवढं सांगून मालकाला जबाबदारी झटकता येणार नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासून एआयनं आरोग्यसेवेचं लायसन्स असल्यासारखं भासवायला कायद्यानंच बंदी आहे. आपल्याकडं असा खास कायदा नाही, म्हणून हे असे चार ठिकाणचे तुकडे जोडून गोधडी शिवावी लागते.

प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगतो. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, बऱ्याचदा कंपनी तिथंच सबस्क्रिप्शनचे पैसे परत करते, आणि तेवढंच पाहिजे असेल तर विषय संपला. नाही तर स्पीड पोस्टानं नोटीस, 15 दिवसांची मुदत, पोचपावती सांभाळून ठेवा. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर जिल्हा आयोगाकडं तक्रार. कंपनी बंगळूरची असो की गुडगावची, तुम्ही नागपुरात राहता किंवा काम करता म्हणून केस इथंच, प्रशासकीय इमारतीतल्या आपल्या आयोगात लागते, हा 2019 च्या कायद्याचा सगळ्यात मोठा उपकार. जुन्या कायद्यात बऱ्याचदा समोरच्याच्या गावी पळावं लागत होतं. आणि लोकांना हे खरं वाटत नाही पण फी तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या पैशावर ठरते. 5 लाखांपर्यंत दिले असतील तर फी शून्य. मावशींनी तीन महिन्यांचे 597 दिले होते, मागितले अडीच लाख, फी शून्य. घटना झाल्यापासून 2 वर्षांच्या आत टाका. वकील सक्तीचा नाही, स्वतः बोलता येते. समोरच्याला जबाब द्यायला 30 दिवस आणि फार तर 15 वाढवून, त्याच्या पुढं एक दिवस नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मधे पक्कं केलंय, त्यामुळं 46 व्या दिवशी जबाब आला तर लगेच हरकत घ्या. निकाल तीन महिन्यांत लागायला पाहिजे असं कायदा म्हणते, आता बाप्पा काय बोलावं, डबा बांधूनच जा.

मागणीत नुसते पैसे नका लिहू. सबस्क्रिप्शन परत, दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, त्रासाची भरपाई, केसचा खर्च, आणि शेवटी ही पाटी काढून टाका, जाहिरात दुरुस्त करून छापा. आयोगाला हे सगळं द्यायचा अधिकार आहे, पण मागितलंच नाही तर कोण देते.

पोलिसात कधी जायचं? बॉटनं पैसे ट्रान्सफर करायला लावले, ओटीपी घेतला, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तासाभरात, बाकी सगळं नंतर. भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 मधे तोतयेगिरी करून फसवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथं स्पष्ट लिहिलंय की ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो की काल्पनिक, गुन्हा होतोच, म्हणजे "असा डॉक्टर अस्तित्वातच नाही" हा बचाव नाही. कॉम्प्युटरच्या साधनानं केलं तर आयटी कायद्याचं 66डी पण, तीन वर्षांपर्यंत. पण फसवायचा हेतू दाखवावा लागते, नुसत्या चुकीच्या सल्ल्यावर ठाणेदार "दिवाणी आहे, जा" म्हणतो, आणि खरं सांगायचं तर दर वेळी तो चुकीचा नसते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. बायांना, एससी-एसटी लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो. मावशी म्हणे मला फुकटचं नको. म्हटलं मावशी फुकटचं नाही ते, हक्काचं आहे, तेव्हा कुठं गेल्या.

त्यांची पुढची तारीख लागलेली आहे. कंपनीचा जबाब 41 व्या दिवशी आला, त्यात पहिलंच वाक्य की अर्जदारानं अटी वाचल्या नाहीत. अटी 34 पानांच्या आहेत, इंग्लिशमधे, मी प्रिंट काढल्या, 68 रुपये झाले, तेही खर्चात जोडलेत.

कोणाला माझ्याकडं यायचं असेल तर येताना आधार, पैसे कापल्याची पावती, दवाखान्याचे सगळे कागद ओरिजिनल, आणि फोन फुल चार्ज करून आणा, मागच्या वेळी अर्धी चॅट उतरवली अन् फोन बंद पडला.